दुसऱ्याच्या वेलाकडे बघू नये

पोनपे, २ मार्च १९९५

भावोजी,

त्या सकाळी मी आधी डुकराला खायला घातलं. मग दगडभट्टीतली राख उकरली, आदल्या दिवशीचे दगड अजून कोमट होते. तीन नारळ खवले. मग डबाभर ऊन पाणी घेऊन तुमच्या दादांच्या पायाशी बसले आणि पट्टी भिजवून सोडवली. पट्टी सुटताना ते कधी ओरडत नसत. छताकडे बघून कुणाची तरी नक्कल करत. त्या दिवशी एनेरिकोची केली, पंगतीतला वाटा उचलताना तो कंबर कशी धरतो ती. मी हसले. मग फडकी धुतली, दगडावर वाळत घातली. तेवढ्यात तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात. आपण दोन शब्द बोललो आणि तुम्ही पंगतघराकडे गेलात.

हे आज कसं आठवलं, असं तुम्ही म्हणाल. आज नाही आठवलं. सव्वादोन वर्षं झाली, रोज डुकराला घालताना तीच सकाळ येते.

हे पत्र मीच लिहिते आहे, शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतलेलं नाही. वाचायला मी कशी शिकले ते तुम्हाला माहीत आहे, प्रार्थनेच्या पुस्तकावर आणि माशांच्या डब्यांवर. लिहायला त्याहून जास्त वर्षं लागली. अक्षर वाकडं वाटलं तर तुमच्या दादांसारखं हसू नका.

परवा सौलिक आले होते. वाडीचा प्रमुख स्वतः चालत आपल्या दारी येतो तेव्हा केळी पिकलेली असावी लागतात, आणि माझी नेमकी हिरवी होती. ते ओट्यावर बसले, समुद्राकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तेरा मे रोजी त्याला जाऊन वर्ष होतं."

मी म्हटलं, "हो."

"वर्षाची पंगत त्याच दिवशी घालू. शनिवार आहे. तोवर नीरफणस लागतील."

"बरं."

ते कशासाठी आलेत ते मला कळलं होतं. शेवटी म्हणाले, "सौदेल हा मान वर्षभर रिकामा आहे. पंगतीत तो कुणाला तरी द्यायला हवा. रीतीप्रमाणे धाकट्या भावाचा, कासियानोचा. पण ज्याने सख्ख्या भावाला भरल्या पंगतीत, जिवंतपणी, मेल्यांत काढलं, त्याला त्याच भावाचा मान कसा देऊ, बाई? लोक पानावरून उठतील."

"मग कुणाला?"

"एनेरिको आहे. मेहनती आहे. जरा वाचाळ आहे, पण मान मिळाला की माणूस गप्प होतो."

हिरवी केळी त्यांच्या टोपलीत घातली, घरी जाऊन पिकवा म्हटलं.

एनेरिकोच्या बायकोने, कोरोपिनाने, नवा परकर शिवायला टाकलाय म्हणे. सगळी वाडी बोलते आहे. तिचाही काही दोष नाही.

आता कामाचं. तुमच्या दादांची कोनफळं डोंगरात कुठे आहेत ते मला माहीत नाही. कोनफळाची जागा विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोचं वय विचारणं, असं ते म्हणायचे. तीस वर्षं संसार केला, मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. पण मेलेल्या माणसाचं कोनफळ रानडुकरांनी उकरावं हे मला नको आहे. तुम्हाला ठाऊक असेल तर नुसती दिशा कळवा. आणि मेमध्ये सुट्टी मिळते का ते बघा.

तुमची वहिनी
अनसेलिना

—

पोनपे, २१ मार्च १९९५

भावोजी,

तुमचं पत्र गेल्या विमानाने आलं. सहा ओळी. मी त्या सहासष्ट वेळा वाचल्या असतील. तुम्ही लिहिता की गुआमच्या हॉटेलात चादरी धुण्याचं काम बरं चाललंय, हातांना साबणाने भेगा पडतात. दादांची जागा माहीत असती तरी सांगितली नसती. मेमध्ये येणार नाही, कारण तुम्ही आलात तर पंगत बिघडेल. आणि शेवटची ओळ, "त्या दिवशीचं मी कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाही, वहिनींनी काळजी करू नये."

मी काळजी करत नव्हते, भावोजी. ते वाचल्यावर करायला लागले.

तुम्ही दिशा सांगितली नाहीत म्हणून मी स्वतःच वर गेले. बाईमाणसाने कोनफळं शोधत डोंगरात हिंडू नये हे मला ठाऊक आहे. कुणी भेटलं तर सांगायला म्हणून कमरेला कोयता आणि पाठीवर रिकामी टोपली घेतली, केवड्याची पानं आणायला चाललेय असं दिसावं. कोरोपिना भेटलीच.

"केवडा वर कधीपासून उगवायला लागला गं?"

"कोवळा वर असतो."

"हं. कोवळा." आणि डोळे मिचकावून गेली. तिला वाटलं असेल की मला कुणीतरी भेटतंय. वाटू दे. या वयात तेवढी तरी अब्रू असावी.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, दोन मोठ्या नीरफणसांच्या मागे, तुमच्या दादांची जागा सापडली. मला वाटलं होतं त्याहून जवळ होती. पण तिची दशा झालेली. दोन खड्डे, दोन्हींवर रान. आधाराच्या काठ्या पडलेल्या, कुजलेल्या. वर्षाचं नव्हे, दोन वर्षांचं दुर्लक्ष होतं ते. मी तिथे बसून राहिले. मनात म्हटलं, माणूस खरंच थकला होता. मला तो रोज सांगायचा, "जरा वर जाऊन येतो," आणि अर्धा दिवस गायब असायचा. मी भांडायचे, पायाची आठवण द्यायचे. आणि वर येऊन तो काय करत होता? नुसता बसत होता?

मग मला वाट दिसली. त्या खड्ड्यांपासून पुढे जाणारी, एका माणसाच्या पायाची, बारीक. ती तुमच्या हद्दीच्या दगडापलीकडे जात होती.

मी दगडापाशी थांबले, भावोजी. खरं सांगते, मान वळवली. दुसऱ्याच्या वेलाकडे बघू नये हे मला आईने चालायच्या आधी शिकवलं. पण तोवर मला एक निळी गोष्ट दिसून गेली होती, आणि निळी गोष्ट रानात नसते.

तुमचं कोनफळ तिथे आहे. तुम्ही जाण्याआधी लावलेलं. खड्ड्याभोवती दगड नीट रचलेले, वर नारळाची सोडणं अंथरलेली, रान काढलेलं. म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत काढलेलं, आता थोडं चढलंय. मागच्या सालचा वेल वाळून झाडावरून लोंबतो आहे आणि जागोजाग भेंडाच्या सालीने बांधलेला आहे. गाठी उलट्या आहेत. नीरफणस काढताना उजवा अंगठा मोडल्यापासून गाठ उलटी कोण बांधायचं, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि वेलाच्या बुडाशी आधाराला रोवलेली, पेरूच्या लाकडाची, मुठीला माझ्या जुन्या निळ्या परकराची पट्टी गुंडाळलेली, त्यांची काठी.

ते जाण्याच्या महिनाभर आधी एका दुपारी ते काठीशिवाय घरी आले होते. म्हणाले, "हरवली." मी म्हटलं, "पायाने चालणाऱ्या माणसाची काठी हरवते, आणि काठीने चालणाऱ्याची कशी हरवते?" ते म्हणाले, "ती पुढे निघून गेली." मी त्यांना अद्वातद्वा बोलले. त्याच संध्याकाळी पाय पुन्हा फुटला.

तिथे उभी राहून मी कितीतरी वेळ रडले. तरी घरी येताना पाय हलके होते. ते कसं, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज कागद संपला.

कोनफळ केवढं आहे ते मी बघितलं नाही. माती किती वर आली आहे त्यावरून अंदाज येतो, पण मी अंदाज केला नाही. खोटं कशाला बोलू, थोडा केला.

तुमची वहिनी

—

पोनपे, ८ एप्रिल १९९५

भावोजी,

तुम्ही तिथे होतात, तरी सगळं लिहिते. डोक्यात गोल फिरणारी गोष्ट कागदावर सरळ उभी राहते का ते बघायचं आहे.

त्या सकाळी दारात आपण दोन शब्द बोललो, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. दोन शब्द नव्हते. मी म्हटलं होतं, "भावोजी, आज पुकारा तुमच्याकडे आहे. ह्यांचं नाव पुकारू नका."

तुम्ही म्हणालात, "वहिनी, काय बोलता!"

मी म्हटलं, "नाव पुकारलं की वाटा येईल. वाटा आला की परतफेड आली. मागच्या पंगतीला डुकराची मांडी आली, तर हे त्या पायाने डोंगर चढून कोनफळ खणायला गेले. पुढच्या वेळी पाय कापावा लागेल असं कोलोनियाच्या डॉक्टरांनी सांगितलंय. आज येणार नाहीत, मी त्यांना झोपवलंय. आजाऱ्याला सौलिकांनी सूट दिली असं मी सांगेन."

तुम्ही जमिनीकडे बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "आला नाही तर नाही पुकारणार."

आला नाही तर. तुम्ही अट घातली होती. मी ती ऐकली होती.

आणि ते आले. एनेरिकोच्या खांद्यावर हात टाकून, अंगाला तेल लावून, फुलांचा हार डोक्यावर घालून. तुम्ही मधल्या जमिनीवर उभे होतात, डुकराचा वाटा पानावर तयार होता. वरून चार नावं झाली होती, पाचवं सौदेल. ते आपल्या जागेवर बसले आणि हसले. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. मग बायकांच्या बाजूला, माझ्याकडे बघितलंत. तुम्ही विचारत होतात.

मी मान खाली घातली.

मी नुसतं "हो" म्हणून मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मला तो डोंगर दिसत होता, तो पाय दिसत होता. आणि तुम्ही सहावं नाव पुकारलंत.

एवढी माणसं होती, कुणी हूं की चूं केलं नाही. आपल्याकडे राग आला तर माणूस आणखी शांत होतो. ते शेवटपर्यंत बसले, कुटलेल्या सकाउच्या मुळांचा पेला आला तो प्यायले, आणि रिकामी टोपली घेऊन घरी आले. वाटेवर मी मागून चालत होते. नाव ज्याचं पुकारत नाहीत तो मेलेला असतो. मी मेलेल्या माणसाच्या मागे चालत होते, आणि मला वाटत होतं की मी त्याला वाचवलंय.

दोन महिन्यांत वाडीने तुमच्याशी बोलणं बंद केलं. तुमच्या हातून पुकारा गेला, मग तुमचंही नाव पुकारेनात. तुम्ही गुआमला गेलात. मी तेव्हाही मान खालीच घातली होती.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते लिहिते. कोलोनियाच्या इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात, तुमच्या दादांनी मला विचारलं, "कासियानोने माझं नाव का गाळलं असेल? तुला काही ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "बरं." नर्स पट्टी सोडवत होती. त्यांनी छताकडे बघितलं, पण कुणाची नक्कल केली नाही.

हे मी पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

आता पाय हलके कशाने झाले ते. इतके दिवस मला वाटत होतं की माझ्यामुळे ते भावावर रागावून गेले. ती काठी बघितल्यावर कळलं की ते रागावून गेले नाहीत. ज्या पायाने स्वतःचं कोनफळ खणू नये म्हणून मी एवढं केलं, त्या पायाने ते तुमचं कोनफळ राखायला जात होते. स्वतःचं रानाला देऊन. तुम्ही परत याल, पंगतीत तुमच्या हातात काहीतरी असायला हवं, रिकाम्या हाताने माणूस परत येऊ शकत नाही, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. दुसऱ्याच्या वेलाकडे बघायची लाज त्यांनी सोडली. माझ्याने माझी लाज सोडवली नाही.

उद्या मी एनेरिकोकडे जाते आहे.

वहिनी

—

पोनपे, २४ एप्रिल १९९५

भावोजी,

तुमचं "नको" पोचलं. उशिरा पोचलं, काम झालं होतं. तुम्ही लिहिता, "ते ओझं माझ्या खांद्यावर बसलंय, आता सवय झाली, तुम्ही कशाला उचलता." ओझं माझं होतं, भावोजी. इतके दिवस वाहिलंत, पुष्कळ झालं.

एनेरिको परसात टोपली विणत होता. मी म्हटलं, "मला सकाउचं झाड हवंय. मुळासकट."

"कुणाचं लग्न?"

"माफी मागायची आहे."

"माझी असेल तर झाड कशाला, नुसता पेला दे, मी इथेच माफ करतो."

मग मी त्याला सांगितलं. उभ्यानेच, सगळं, दारातल्या बोलण्यापासून. तो विणायचा थांबला. कोरोपिना आतून येऊन खांबाला टेकून उभी राहिली.

तो म्हणाला, "म्हणजे कासियानोने गाळलं नाही."

"मी गाळायला लावलं."

"आणि सौदेलला घेऊन मी आलो होतो. माझ्या खांद्यावरून." त्याने टोपली बाजूला ठेवली. मला वाटलं हा आता उठून जाईल. तो म्हणाला, "कोरोपिनाचा परकर शिवून आलाय."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. माफ कर."

"त्यात काय? परकर तो परकरच. मान नाही मिळाला तरी घालता येतो."

कोरोपिना म्हणाली, "तू गप रे." मग मला म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या?"

"हो."

"मग त्या शिव्या आता कुठे ठेवायच्या?"

"मला घाल."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला घालून काय उपयोग, तू तर आधीच वाळून काटकी झालीस." आणि नवऱ्यावर ओरडली, "ते कुंपणाजवळचं कुबडं झाड नेऊ नकोस हां! मागचं मोठं उपट. बाई माफी मागायला चाललीय, मीठ उसनं मागायला नाही."

त्याने मागचं मोठं उपटलं. सात वर्षांचं होतं, स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं. खांद्यावर घेऊन तो पुढे, मी मागे. वाटेवर लोक बघत होते. सकाउचं झाड घेऊन विधवा कुठे चालली, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं, पण विचारलं कुणी नाही.

सौलिकांच्या पंगतघरात तिथल्या माणसांनी मुळं धुतली, दगडावर कुटली. माफीचं सकाउ समोर आलं की प्रमुखाला तोंड फिरवता येत नाही, म्हणून ते आधी प्यायले, डोळे मिटून, आणि मग ऐकलं. मी खालीच बसून बोलले. ते म्हणाले, "मोठ्याने. मी म्हातारा आहे."

मोठ्याने सांगितलं.

ते म्हणाले, "बाई, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा ते जिवंत होते."

"मग तर सोपं होतं."

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला वाटतं तसं नाही. मेलेला माणूस काही विचारत नाही. जिवंत माणूस विचारतो, आणि उत्तर ऐकताना त्याचा चेहरा बघावा लागतो."

त्यांनी पेल्याच्या तळाशी बघितलं. म्हणाले, "ज्याची माफी मागायची तो पुरलाय. ज्याचं नाव खराब झालं तो गुआमला आहे. इथे मी एकटाच बसलोय, आणि माझं तर काही बिघडलं नव्हतं." मग हसले. सौलिकांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं, त्यांना पुढचे दोन दात नाहीत. "पंगतीत बोलतो मी. तू बोलू नकोस. तू तेल कर."

घरी येऊन मी झोपले, ती डुकराच्या ओरडण्याने जागी झाले. दुपार झाली होती. लग्न झाल्यापासून त्या डुकराच्या खानदानात कुणी एवढा वेळ उपाशी राहिलं नसेल.

वहिनी

—

पोनपे, १७ मे १९९५

भावोजी,

पंगत झाली.

तुम्ही आला नाहीत. विमानतळावर मी गेले होते हे तुम्हाला सांगणार नव्हते, पण एनेरिको सांगेलच. हॉटेलवाले दोन दिवस सोडत नाहीत हे नंतर आलेल्या तुमच्या चिठ्ठीत वाचलं. राग नाही.

नीरफणस भरपूर आले होते. आठ डुकरं झाली, त्यातलं एक आपलं. त्याच्या खानदानाबद्दल मी गेल्या पत्रात थट्टेने बोलले होते, आता वाटतं बोलायला नको होतं. दगड तापले, भट्ट्यांवर पानं टाकली, धूर निघाला तसा वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांना आपण नातेवाईक आहोत असं वाटायला लागलं. बायकांनी मी केलेलं तेल सगळ्यांना लावलं. कोरोपिनाने तो परकर घातला होता. लाल, कडेला पिवळी फुलं. खरंच छान आहे. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "बघ बाई, नीट बघ. सौदेलच्या बायकोचा व्हायचा होता, वाचाळाच्या बायकोचा झाला."

वाटणीच्या आधी सौलिक उठले. मला वाटलं लांबलचक बोलतील. ते एवढंच म्हणाले, "अडीच वर्षांमागे या जागेत एक नाव गाळलं गेलं. ते भावाने भावाच्या रागाने गाळलं नव्हतं. बायकोने नवऱ्याच्या काळजीने गाळायला सांगितलं होतं. तिने माझ्यापुढे सकाउ ठेवलं, मी प्यायलो. ज्यांना अजून तोंड कडू ठेवायचं असेल त्यांनी ठेवा. जेवण मात्र गोड आहे."

सगळे हलले. तुम्हाला माहीत आहे तसं, पाय बदलून बसले, घसा खाकरला. मी जमिनीकडे बघत नव्हते. ठरवलं होतं की या वेळी मान खाली घालायची नाही. मान दुखायला लागली, पण वरच ठेवली.

पुकारा एनेरिकोकडे होता. वरून चार नावं झाली. मग त्याने पुकारलं, "सौदेल!"

कुणी उत्तर दिलं नाही. सौलिक म्हणाले, "जागा राखून ठेवली आहे. धाकटा भाऊ येईपर्यंत. पुढे."

एनेरिको पुढे गेला. आणि तुमच्या जागेवर आल्यावर त्याने दम घेतला आणि तुमचा मान ओरडून पुकारला, "कुलाप! गुआमला!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की तुमच्या चादरी हलल्या असतील. लोक हसले, आणि बघते तर डुकराची मांडी माझ्यापुढे. तुमचं घर बंद आहे म्हणून तुमचा वाटा माझ्याकडे. "हलकी नाही हां, वहिनी," तो म्हणाला, आणि कंबर धरली. अगदी तशीच, तुमचे दादा दाखवायचे तशी. मला हसू आवरेना. लोकांना वाटलं मी रडते आहे, कोरोपिना पाठीवरून हात फिरवत राहिली.

आता नीट ऐका. तो वाटा मी खाल्ला. सगळा नाही, शेजारीपाजारी दिला, पण तुमच्या नावाने घेतला आणि तुमच्या नावाने खाल्ला. वाटा घेतला म्हणजे परतफेड आली, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती मला करता येणार नाही, बाईचं कोनफळ पंगतीत कोण घेतं? मी परत करू शकत नाही आणि ओकूनही टाकू शकत नाही. तेव्हा तुमची सुटका नाही. नोव्हेंबरात कोनफळं निघतात. तुमचं तयार असेल. उचलायला आठ माणसं लागतील, किंवा बारा. मी बघितलेलं नाही.

तुमच्या दादांना कळलं होतं का, मला ठाऊक नाही. इस्पितळात त्यांनी "बरं" म्हटलं ते कुठल्या अर्थाने, हे मी रोज वेगवेगळं ठरवते. ते आता असंच राहणार. त्याच्यासोबत राहता येतं, हे मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. प्रार्थना झाल्यावर मी कोयता आणि भेंडाची साल घेऊन वर गेले. रान काढलं. नवा वेल काठीच्या टोकावरून वर निघून हवेत लोंबत होता. त्याला लांब बांबू रोवला, वेल त्याला बांधला, आणि काठी उपटून घरी आणली.

अनसेलिना